चावी कोणाकडे देऊ? कामाने पार संपून गेलेल्यांसाठी धागा

गोदाकाठ | रविवार, रात्री ११.२०

मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी एका सरकारी बँकेच्या तालुक्याच्या गावातल्या शाखेत शाखाधिकारी आहे. मराठवाडा, गोदावरीकाठचं गाव. वय ३९, नोकरीला चौदा वर्षं झाली. शाखेत मी, प्रोबेशनवरचा एक नवा अधिकारी, एक कॅशियर आणि शिपाईमामा. दोन जागा तीन वर्षांपासून रिकाम्या.

मंगळवारची गोष्ट. सकाळी पावणेदहाला शाखेसमोर स्कूटी लावली. मामांनी शटर वर केलं होतं, पायरीवर सात-आठ माणसं पासबुकं हातात धरून बसली होती. तिजोरीच्या चाव्यांचा जुडगा माझ्या हातात. आणि मला स्कूटीवरून उतरताच येईना. पाय दुखत नव्हते, चक्कर नव्हती, रडूही येत नव्हतं. उतरायचं एवढंच होतं, ते होईना. दहा वाजून गेल्यावर मामा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, कॅश काढायचीय." तेव्हा उतरले. मग दिवसभर काम केलं. कुणाला काही कळलं नाही.

काम जास्त आहे म्हणून असं होतंय का? मला तसं वाटत नाही. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी सकाळी सातपासून बायकांची रांग लागायची. आधार जोडणी, केवायसी, बंद पडलेली खाती सुरू करणं. रात्री नऊला घरी जायचे. दमायचे, पण झोप लागायची. एकीने पहिले पैसे हातात आल्यावर माझ्या टेबलावर शेवग्याच्या शेंगांची जुडी ठेवली होती. तेव्हा असं काही झालं नव्हतं.

आता रोज सात वाजता व्हीसी, म्हणजे वरच्या कार्यालयाची व्हिडिओ मीटिंग असते. साठ शाखांचे आकडे पडद्यावर, ज्यांचे कमी ते लाल. नाव घेऊन विचारतात, "विम्याची किती लॉगिन झाली? होत नसेल तर तसं लिहून द्या." सगळ्यांसमोर.

पंधरवड्यापूर्वी एक आजोबा पीक कर्जाचं नवं-जुनं करायला आले. सगळी कागदं बरोबर, सातबारा, बेबाकी म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, सगळं. मी त्यांच्यापुढे विम्याचा फॉर्म ठेवला. वर्षाला बारा हजार. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिची गाठ सोडवता सोडवता विचारलं, "ताई, हे भरल्याशिवाय व्हायचं नाही का?" कर्जाचा आणि त्या विम्याचा काडीचा संबंध नाही, हे मला माहीत आहे. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी बरोबर घेतला आणि पैसे मोजले.

मे महिन्यात नऊ दिवस रजा घेऊन दापोलीला गेलो होतो. चार दिवस नुसती झोपले. परत आले सोमवारी, बुधवारपर्यंत जैसे थे. आता पुन्हा रजा मागितली तर वरून एकच प्रश्न: "चावी कोणाकडे देणार?" तिजोरी दोन चाव्यांनी उघडते, एक माझी, एक कॅशियरची. नव्या पोरावर शाखा सोडायची नाही म्हणतात.

हा आळस आहे, नैराश्य आहे, की ज्याला बर्नआउट म्हणतात ते? आणि तुमच्यापैकी कोणी यातून बाहेर आलं असेल तर कसं?

---

चहाबाज | रविवार, रात्री ११.५२

स्कूटीवरून उतरता न येणं. काटा आला अंगावर. ताई, मी एकदा बसस्टॉपवर उभा राहून तीन बस सोडल्या आहेत. सविस्तर उद्या लिहितो. आज झोपा.

---

सदाशिवराव | सोमवार, सकाळी ६.३५

लेख वाचला. वाईट वाटलं. पण एक वडीलधारा म्हणून स्पष्ट लिहितो. मी वीज खात्यात ३४ वर्षं लाइनवर काढली. पावसाळ्यात रात्री दोनला खांबावर चढलो आहे. आम्हाला हे शब्द माहीत नव्हते. थकलो की झोपायचो, सकाळी पुन्हा डबा घेऊन निघायचो. हल्ली प्रत्येक गोष्टीला नाव दिलं की माणूस त्या नावाला चिकटून बसतो, असं माझं मत आहे. ताईंनी पहाटे फिरायला जावं, प्राणायाम करावा. राग मानू नये.

---

पाचवा_मजला | सोमवार, सकाळी ९.१०

@सदाशिवराव, काका, राग नाही. पण तुम्ही खांबावरून उतरलात की गावात उजेड यायचा. लोक तुम्हाला चहा पाजायचे. तुमचं काम संपलेलं तुम्हाला डोळ्यांनी दिसायचं. ताईंच्या पोस्टमध्ये लाडकी बहीणवाला परिच्छेद पुन्हा वाचा, त्याही तेच सांगताहेत.

मी हिंजवडीत आहे, अकरा वर्षं आयटीत. सकाळी दहाला इथल्या टीमची मीटिंग, रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, आणि महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल, म्हणजे फोन उशाशी. तो वाजला नाही तरी झोप लागत नाही, कारण वाजू शकतो. माझी बायको म्हणते, कुकरची शिट्टी झाली तरी तू मोबाइल चाचपतोस. खरं आहे. गेल्या वर्षी रक्तदाब १५०/१००, वय ३६.

तासांचंही सांगतो, कारण तास महत्त्वाचे नाहीत असं कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी. आपल्याकडे मात्र मोठमोठी माणसं कुणी ७० तास सांगतं, कुणी ९०. २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची सीए मुलगी गेली, नोकरीला चार महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं होतं. त्या दिवशी आमच्या मजल्यावर कुणीच जेवायला गेलं नाही.

---

मनमोकळी | सोमवार, दुपारी १.४५

मी समुपदेशक आहे. गोदाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाला शक्य तेवढं नेमकं उत्तर देते.

हा शब्द आजकालचा नाही. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात स्वतःहून राबणाऱ्या माणसांबद्दल लिहिताना तो वापरला. त्या दवाखान्यात ते स्वतःही राबत होते. म्हणजे हा प्रकार पहिल्यांदा टिपला गेला तो जीव ओतून काम करणाऱ्यांत. पुढे कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजायची प्रश्नावली तयार केली, १९८१ मध्ये. त्यात तीन गोष्टी बघतात. आतून रिकामं झाल्यासारखा थकवा. समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा, तो माणूस न वाटता फाइल वाटायला लागणं. आणि आपण करतो त्याला काही किंमत नाही ही भावना.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट म्हणून. व्याख्येचा गाभा असा की कामाच्या जागेवरचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की हे होतं. उगम कामाच्या जागेत आहे, एवढं लक्षात ठेवा.

मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लीटर सहा ठिकाणी बघायला सांगतात: कामाचा बोजा, स्वतःच्या कामावरचा ताबा, मिळणारी दखल, सहकाऱ्यांमधलं नातं, न्याय आणि मूल्यं. तुमच्या पोस्टमध्ये मला सहाच्या सहा दिसतात, पण सगळ्यात खोल शेवटचं. त्या आजोबांच्या पिशवीची गाठ तुम्ही जितक्या बारकाईने लिहिलीत, तितकं दुसरं काहीच लिहिलेलं नाही.

नैराश्याचं म्हणाल, तर ते सगळीकडे पसरतं. घरात, आवडीच्या गोष्टीत, जेवणात, कशातच जीव रमत नाही. बर्नआउट सुरुवातीला कामापुरतं असतं. पण एकातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही, म्हणून तपासून घ्या. आधी साध्या तपासण्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. आपल्या बायकांचा निम्मा थकवा रक्तात सापडतो आणि आपण तो मनात शोधत बसतो. मग मनोविकारतज्ज्ञ. जगणं नको असं कधी वाटलं तर थांबायचं नाही, टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

---

हवालदारपुत्र | सोमवार, दुपारी ३.०५

सदाशिवरावांना उत्तर म्हणून नाही, पण आठवलं म्हणून. माझे वडील मुंबई पोलिसात होते. बारा तास ड्यूटी कागदावर, बंदोबस्त असला की सोळाही. गणपतीचे दहा दिवस ते घरी फक्त गणवेश बदलायला यायचे. आमच्या घरचा गणपती मी सातवीत असल्यापासून मीच बसवतो.

२०१६ साली देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचं वेळापत्रक स्वतः कागदावर मांडून आयुक्तांना दिलं. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर. त्यांनी ते बाजूला टाकलं नाही, मे महिन्यात देवनारलाच प्रयोग सुरू केला. आहे त्याच माणसांत तो बसवून दाखवला आणि २०१८ च्या सुरुवातीला मुंबईतल्या सगळ्या ठाण्यांत लागू झाला. आईने त्या वर्षी पहिल्यांदा बाबांना संध्याकाळी सहाला घरात पाहिलं आणि विचारलं, "बरं नाही का?"

पुढे अपुरी माणसं, बंदोबस्त आणि कोरोना यांत ते सरसकट टिकलं नाही. २०२२ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघाला. पण उपाय वरच्या केबिनमधून आला नाही, पाळी करणाऱ्या माणसाने मांडला आणि वरच्याने ऐकला, हे मला फार मोठं वाटतं.

---

रातपाळी | मंगळवार, पहाटे ४.२०

वॉर्डमधून लिहिते आहे. सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर, मेडिसिन, दुसरं वर्ष. काल सकाळी आठला आले, उद्या दुपारी सुटेन. निवासी डॉक्टरांनी सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करू नये, हे केंद्र सरकारने १९९२ मध्येच लिहून ठेवलं आहे. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

मनमोकळीताईंनी लिहिलेली दुसरी गोष्ट, कोरडेपणा. गेल्या महिन्यात चौदा नंबरचे बाबा गेले. मी त्यांच्या मुलाला सांगायला बाहेर आले आणि मला त्यांचं नाव आठवेना. सहा दिवस मी त्यांना रोज तपासत होते. तोंडातून आलं, "चौदा नंबरचे नातेवाईक कोण?" मुलगा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. मी अशी नव्हते. पहिल्या वर्षी पहिला पेशंट गेला तेव्हा मी जिन्याखाली तासभर रडले होते.

आता ड्यूटीवर आले की केसपेपरवरचं नाव मोठ्याने वाचते, पेशंटला त्याच नावाने हाक मारते. एवढंच करते. जाते, बेल वाजली.

---

चहाबाज | मंगळवार, सकाळी ८.००

रातपाळी, जमलं तर जेवून घ्या हो.

काल लिहितो म्हटलं होतं. मी खासगी कारखान्यात खरेदी विभागात होतो, चाकणला. माझं काम मला आवडायचं. साहेब बदलले. नव्या साहेबांना प्रत्येक मेलची प्रत हवी, प्रत्येक तासाचा हिशेब हवा. वीस वर्षं ज्या पुरवठादारांशी मी शब्दावर व्यवहार केला, त्यांना फोन करायचा तर आधी विचारायचं. पगार तोच, तास उलट कमी झाले. आणि तरी मी आजारी पडलो. पित्त, पाठ, मग पोराच्या अंगावर हात उगारला. तो चौथीत होता, पाढे चुकला म्हणून. हात खाली घेतला त्या क्षणी कळलं की हे आता फक्त ऑफिसचं राहिलं नाही.

मी नोकरी सोडली. सगळ्यांना ते परवडत नाही हे जाणतो. बायकोचा पगार होता म्हणून जमलं. आता एका लहान वर्कशॉपमध्ये आहे, पगार दोन तृतीयांश.

---

मुख्याध्यापक_झेडपी | मंगळवार, सायंकाळी ६.४५

थोडं विषयांतर, पण दुःख एकच. माझी दोनशिक्षकी शाळा. चार वर्ग आम्ही दोघं शिकवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. प्रत्यक्षात रोज ग्रुपवर "तातडीने" असा मेसेज. पोषण आहाराची माहिती, झाडं लावल्याचे फोटो, शपथ घेतल्याचे फोटो, त्या फोटोंचा अहवाल, अहवाल भरल्याचा स्क्रीनशॉट. गेल्या गुरुवारी पहिलीतली पोरगी पाटी घेऊन आली, तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं होतं. मी माहिती भरत होतो, म्हणालो, "थांब जरा." अर्ध्या तासाने वर बघितलं तर ती पाटी पुसून खेळायला गेली होती.

पहिलं नाव पुन्हा नसतं लिहिता येत.

---

आशाची_लेक | मंगळवार, रात्री ९.३०

माझी आई २००९ पासून आशा कार्यकर्ती आहे. तिला रजा हा शब्दच लागू नाही, कारण कागदोपत्री ती कर्मचारीच नाही, मानसेवी आहे. कामागणिक मोबदला. गरोदर बाई, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, आयुष्मान कार्ड, सर्वेक्षण. दुपारी उन्हात वस्त्या फिरते आणि रात्री मी तिचं ॲप भरून देते, कारण तिला डोळ्याला दिसत नाही. तिला विचारलं, आई तू दमत नाहीस का? म्हणाली, "दमायला कुणी तरी बघणारं लागतं."

धागा वाचून दाखवला तिला. स्कूटीवाल्या ताईंना विचार म्हणाली, घरी कोण आहे, जेवलीस का म्हणून विचारणारं.

---

स्टुटगार्टकर | बुधवार, दुपारी २.१५

मी जर्मनीत नऊ वर्षं आहे, मूळ सांगलीचा. गेल्या वर्षी याच कारणाने चार महिने घरी होतो. इथे सगळं छान असतं असं सांगायला लिहीत नाही. सुरुवातीचे दोन महिने मी कुणाला, अगदी आईलाही सांगितलं नव्हतं. आपल्या डोक्यात बसलेलंच असतं ना, परदेशात जाऊन पोरगा घरी बसला.

पण व्यवस्था कशी चालते ते सांगतो. फॅमिली डॉक्टरने आजारपणाचा दाखला दिला. काय झालं आहे हे कंपनीला कळत नाही, फक्त किती दिवस तेवढं कळतं. सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, नंतर आरोग्य विमा साधारण ७० टक्के. कायद्याने दिवसाला दहा तासांच्या वर काम नाही आणि दोन दिवसांच्या कामांत अकरा तासांचं अंतर. परत जाताना एकदम आठ तास नाही. पहिले दोन आठवडे रोज दोन तास, मग चार, मग सहा. त्याला हॅम्बर्ग मॉडेल म्हणतात. माझा जीव वाचला तो या पायऱ्यांनी. ताई नऊ दिवसांची रजा घेऊन थेट पूर्ण दिवसाच्या कामावर गेल्या आणि तेच ते काम, तोच तो व्हीसी. बुधवारपर्यंत जैसे थे होणारच.

---

पाचवा_मजला | बुधवार, दुपारी ३.४०

आपल्याकडचा कायदाही सांगून ठेवतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी ९ चे १० करायला मंजुरी दिली. कामानंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये तो हक्क २०१७ पासून आहे. आपण उलट्या दिशेने चाललो आहोत आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं.

---

वरचा_माणूस | बुधवार, रात्री ११.५५

तीन दिवस वाचतो आहे. लिहू की नको करत होतो.

मी बँकेतच होतो, वेगळ्या. विभागीय कार्यालयात सहा वर्षं. गोदाकाठ, तुमची सातची व्हीसी घेणारा माणूस म्हणजे मी, असं समजा. पडद्यावर लाल रंग टाकायची सूचना आमच्याकडे मीच केली होती. "होत नसेल तर लिहून द्या" हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो आहे. माझ्यावर वरून आकडा यायचा, मी तो साठ शाखांत वाटायचो, आणि रात्री दहाला माझीही व्हीसी असायची, तिथे मी लाल असायचो.

एक शाखाधिकारी होते, परभणीकडचे. त्यांच्या शाखेत थकीत कर्ज जवळपास नव्हतं, कारण माणूस प्रत्येक खातेदाराला घरून ओळखायचा. विम्यात मात्र कायम मागे. तीन महिने मी रोज त्यांचं नाव घेतलं. पन्नासाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाला मी गेलो होतो. त्यांनी माझ्या हातात हात दिला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही पण झोपत जा." वर्षभरात त्या शाखेची थकबाकी वाढली, कारण माणसं ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांना घालवून मी बँकेचंच नुकसान केलं, आणि ते कुठल्याही पडद्यावर लाल दिसलं नाही.

त्यानंतर मी नाव घेऊन विचारणं बंद केलं. आकडे बंद पाकिटातल्या पत्रासारखे ज्याचे त्याला पाठवायचो आणि फोनवर विचारायचो, अडचण काय आहे. उशीर झाला होता, पण केलं.

आता कामाचं. पहिलं, रजा तोंडी मागू नका. लेखी अर्ज करा, वैद्यकीय दाखला जोडा, पोच घ्या. तोंडी नकार द्यायला काही लागत नाही, लेखी नकारावर सही करावी लागते आणि ती सही सहसा कुणी करत नाही. दुसरं, चावी ही तुमची वैयक्तिक अडचण नाही. बदली अधिकारी डेप्युटेशनवर पाठवणं हे विभागीय कार्यालयाचं काम आहे. मी ते केलं आहे, दोन दिवसांत होतं. तिसरं, अधिकारी संघटनेच्या प्रतिनिधीला अर्जाची प्रत द्या.

आणि ते आजोबा. आयुर्विम्याची कागदपत्रं हातात पडल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. फ्री लूक म्हणतात. थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. तुम्हाला हे माहीत असणार. तरी आठवण करून देतो.

---

रातपाळी | गुरुवार, पहाटे ५.१०

वरचा_माणूस, हे लिहिल्याबद्दल आभार. आमच्या युनिटच्या सरांना दाखवावंसं वाटतं आहे.

---

सदाशिवराव | गुरुवार, सकाळी ६.१५

सगळं दोनदा वाचलं. पाचवा_मजला यांनी माझ्याबद्दल लिहिलं ते रात्रभर डोक्यात होतं. खरं आहे. खांबावरून उतरलो की उजेड यायचा. आणि आम्ही गँगमध्ये आठ जण होतो, एकजण दमला की दुसरा चढायचा. या ताई एकट्या आहेत.

आणखी एक. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांच्या आधीच्या पिढीला आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आजोबा हे मला लहानपणी दर रविवारी सांगायचे. मी विसरून गेलो होतो. सोमवारी सकाळी प्राणायाम करा असं लिहिताना मला लोखंडे आठवायला हवे होते.

प्राणायाम वाईट नाही. पण ताईंनी आधी अर्ज लिहावा.

---

मनमोकळी | गुरुवार, सकाळी १०.३०

सदाशिवकाका, नमस्कार करते तुम्हाला.

गोदाकाठ, कशा आहात? दोन ओळी तरी लिहा.

---

गोदाकाठ | गुरुवार, रात्री १०.५०

सगळं वाचते आहे, उत्तरं द्यायला बळ नव्हतं. आशाची_लेक, तुझ्या आईला सांग, घरी सासूबाई आहेत. त्या रोज विचारतात, जेवलीस का. मीच "हो" म्हणून खोलीत जाते. आज बसून जेवले.

वरचा_माणूस, तुमचं वाचून आधी राग आला, मग रडू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. फ्री लूक मला माहीत होतं. परीक्षेला होतं. माहीत असून मी त्या दिवशी आजोबांना सांगितलं नाही.

---

गोदाकाठ | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी ४.१०

काय झालं ते सांगायला आले.

हिमोग्लोबिन ८.९ निघालं, बी-१२ सुद्धा कमी. गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू आहेत. जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञांकडे दोनदा जाऊन आले. त्यांनी चाळीस मिनिटं ऐकून घेतलं आणि सहा आठवड्यांची विश्रांती लिहून दिली. अर्ज लेखी दिला, दाखला जोडला, प्रत संघटनेला. चौथ्या दिवशी फोन आला, बदली अधिकारी येत आहेत. कुणी विचारलं नाही की चावी कोणाकडे देणार.

परत आल्यावर शाखा नको, कर्ज प्रक्रिया केंद्रात द्या, असाही अर्ज दिला आहे. त्याचं काय होईल माहीत नाही. नाही मिळालं तर पुन्हा देईन.

रजेवर जायच्या आधी आजोबांच्या वाडीवर गेले होते. कागदं येऊन बारा दिवस झाले होते. ओसरीवर बसून फॉर्म भरला, त्यांचा अंगठा घेतला. ते सारखे विचारत होते, "कर्जाला काही होणार नाही ना?" तीनदा सांगितलं, काही होणार नाही. चौथ्यांदा त्यांच्या सुनेला आत बोलावून तिच्यासमोर सांगितलं. काल पैसे त्यांच्या खात्यात आले. साडेतीनशेच्या आसपास कापले गेले. ते मी भरून द्यायला निघाले तर त्यांनी घेतले नाहीत. जाताना त्यांच्या सुनेने पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या.

काल संध्याकाळी साडेपाचला रोकड जुळवली, बदली अधिकाऱ्यांसमोर तिजोरी उघडून मोजून दिली. रजिस्टरवर त्यांची सही, माझी सही, वेळ. मामांनी शटर खाली ओढलं. स्कूटी सुरू केली आणि सवयीने पर्समध्ये हात घालून चावी चाचपली. नव्हती. घरी पोचेपर्यंत आणखी दोनदा चाचपून पाहिली.